शुक्रवारी सकाळी टॅली उघडत नाही

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून इथला आठवडा शुक्रवारी सुरू होतो, आणि लहान कारखान्यांच्या संगणकांची कामं करताना मी पाहिलेली बरीचशी दुखणी शुक्रवारी सकाळीच उघडकीला आली आहेत. भोसरीतल्या एका शेडमधली सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सहा व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, पंचवीसेक माणसं. चाकणच्या मोठ्या वेंडरला ब्रॅकेट आणि हाउसिंग पुरवणारा कारखाना. हिशेब बघणाऱ्या ताईंनी नऊ वाजता संगणक चालू केला, तर टॅली उघडेना. फोल्डरमध्ये फाइली जागच्या जागी होत्या, पण प्रत्येकीच्या नावाला अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलं होतं. सोबत एक छोटी टेक्स्ट फाइल: तुमचा डेटा कुलूपबंद केला आहे, किल्ली हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बाहेर माल भरलेला टेम्पो उभा होता. इनव्हॉइस निघेना, म्हणून ई-वे बिल निघेना, म्हणून गाडी गेटबाहेर काढता येईना.

मी विचारलं, बॅकअप आहे ना? होता. त्याच संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर होता. तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट लागलं होतं.

चोर कुठून शिरला ते शोधायला फार वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी मालकांना घरी बसून टॅली बघायची सोय हवी होती. कुणीतरी रिमोट डेस्कटॉप चालू करून दिला, राउटरवर त्यासाठी पोर्ट उघडं ठेवलं आणि पासवर्ड ठेवला कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. इंटरनेटवर अशी उघडी दारं धुंडाळणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. दार सापडलं की ते हजारो पासवर्ड लावून बघतात. त्यांना भोसरी कुठे आहे हे ठाऊक असावं लागत नाही, तुमचा कारखाना लहान की मोठा हेही नाही. ‘आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये ऐकू येतो. त्याचं उत्तर एवढंच, की डेटा चोराच्या उपयोगाचा असण्याची गरजच नाही. तो तुमच्या उपयोगाचा असला की खंडणी मागता येते.

हा सगळा पट्टा जोडकामावर उभा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. या प्रत्येक नावामागे शेकडो वेंडर आहेत आणि त्या वेंडरांमागे जॉबवर्क करणारे त्याहून कितीतरी जास्त. साखळीतली प्रत्येक कडी आता संगणकाने पुढच्या कडीला बांधलेली आहे: शेड्यूल पोर्टलवर येतं, ड्रॉईंग ईमेलने येतं, चलन सॉफ्टवेअरमधून निघतं. त्यामुळे संगणकाची सुरक्षितता हा आता प्रेसच्या गार्डसारखा, क्रेनच्या तपासणीसारखा शॉपफ्लोअरचा विषय झाला आहे. आपण मात्र ती अजून ‘कॉम्प्युटरवाल्याचं काम’ समजतो, आणि तो कॉम्प्युटरवाला महिन्यातून एकदा येतो.

मोठ्यांचं सगळं ठीक असतं, असं मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. काम पाहणाऱ्या कंपनीच्या वतीने निगडी पोलीस ठाण्यात फिर्याद दाखल झाली आणि तीत सुमारे ५ कोटींच्या नुकसानीचा दावा होता. शहराच्या यंत्रणेला आणि भोसरीच्या शेडला गाठणाऱ्या हल्ल्याची जात एकच होती: डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारी. फरक आकड्यांचा.

त्याआधी अडीच वर्षांपूर्वी पुण्यात घडलेलं प्रकरण तर देशभर गाजलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या खात्यांवर बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की मधला एक स्विच बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारतो: या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हल्लेखोरांनी आत शिरून त्या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला. तो मुख्य यंत्रणेला काही विचारतच नव्हता, स्वतःच ‘द्या’ म्हणत होता. म्हणून खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही आणि लगेच कुणाला काही दिसलं नाही. वेळ निवडली ती शनिवार-रविवारची, आपल्याकडच्या गुरुवारसारखी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. ते प्रामुख्याने एटीएममधून रोकड काढणाऱ्या साखळीतले होते. दूर बसून ती यंत्रणा पोखरणारे त्यांत नव्हते.

साखळीचं म्हणाल तर जपानचं एक उदाहरण चाकणच्या प्रत्येक वेंडरने लक्षात ठेवावं. कोजिमा इंडस्ट्रीज ही टोयोटाला प्लास्टिकचे आणि इतर सुटे भाग पुरवणारी कंपनी. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला. शिरकाव झाला तो तिच्या एका उपकंपनीने बाहेरच्या संपर्कासाठी बसवलेल्या रिमोट उपकरणातून. सर्व्हर बंद झाल्यावर शेड्यूल आणि माल यांची गाठ घालायची कशी? १ मार्चला टोयोटाने जपानमधल्या आपल्या सर्व १४ कारखान्यांतल्या २८ लाइनी दिवसभर बंद ठेवल्या. सुमारे १३ हजार गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत. टोयोटाच्या स्वतःच्या यंत्रणेत कुणी शिरलंच नव्हतं. ‘जस्ट इन टाइम’ म्हणजे गोदामात साठा न ठेवता लागेल तेव्हा लागेल तेवढा माल, ही पद्धत टोयोटानेच जगाला दिली आणि आपला पट्टाही तिच्यावरच चालतो. साठा नसला की एका कडीचं दुखणं काही तासांत लाइनवर पोचतं.

उलटंही होतं. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला हल्ल्यामुळे आपली यंत्रणा बंद केली. उत्पादन पुन्हा हळूहळू सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरच्या अंदाजाने नुकसान १.९ अब्ज पौंडांचं आणि झळ बसलेल्या संस्था ५ हजारांवर. त्यांत पुरवठादार होते, ज्यांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. मोठ्या कंपनीचे पाच आठवडे बंद म्हणजे लहान वेंडरच्या बँकेच्या हप्त्याचं काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आणि माल बंदरात अडकला तर? २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली. तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावाशेव्याचं टर्मिनल ठप्प झालं. चाकणहून निर्यात होणारा बराचसा माल त्याच बंदरातून जातो. हल्ला भारतावर नव्हताच. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि जगभर पसरला. मर्स्कला बसलेला फटका ३० कोटी डॉलरच्या घरातला होता. या गोष्टीचा शेवट मी प्रत्येक मालकाला सांगतो. मर्स्कच्या जाळ्याचा नकाशा म्हणावा अशी माहिती जगभरच्या सर्व्हरवर एकमेकांच्या प्रती म्हणून ठेवलेली होती आणि त्या सगळ्या प्रती एकदमच नष्ट झाल्या. वाचली फक्त घानामधली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. जोडलेल्या शंभर प्रतींपेक्षा तुटलेली एक प्रत मोलाची ठरली.

आता शॉपफ्लोअरवर येऊ. इथलं चित्र ऑफिसपेक्षा वेगळं आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. मशीन पंधरा-वीस वर्षं चालतं. त्याच्या कंट्रोलमध्ये किंवा शेजारच्या संगणकात विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असतं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, ७ चे जानेवारी २०२० मध्ये आणि १० चेही ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण सिस्टिम बदलली तर मशीनचं सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. यात ऑपरेटरची चूक नाही आणि मालकाचीही नाही. मशीन विकणाऱ्याने या प्रश्नाचा विचार विकतानाच करायला हवा होता, आणि आज नवं मशीन घेताना तो आपण विचारायला हवा: अपडेट किती वर्षं देणार, लिहून द्या.

प्रोग्राम मशीनवर चढतो तो पेन ड्राइव्हने. तोच पेन ड्राइव्ह सेटरच्या खिशात असतो, त्याच्या घरच्या लॅपटॉपला लागतो, टूलिंगवाल्याकडे जाऊन येतो. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने दाखवून दिलं, की इंटरनेटला न जोडलेल्या कारखान्यातही व्हायरस पेन ड्राइव्हवरून शिरतो आणि सीमेन्सच्या पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला, खोट्या आज्ञा देऊ शकतो. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज त्याने बिघडवली आणि ऑपरेटरच्या पडद्यावर सगळं सुरळीत दिसत राहिलं. एवढा बेतून केलेला हल्ला चाकणच्या वेंडरवर कुणी करणार नाही. पण त्याच कुळातले पीएलसी इथल्या लाइनींवरही आहेत आणि पेन ड्राइव्हची वाट तीच आहे. उपाय साधा आहे: मशीनसाठी वेगळ्या रंगाचे दोन-तीन पेन ड्राइव्ह, ते शॉपबाहेर न्यायचे नाहीत, आणि मशीनवर लावण्याआधी एका ठरावीक संगणकावर तपासायचे. जुन्या मशीनांचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून तोडून टाकायचं. मे २०१७ च्या वॉनाक्राय नावाच्या हल्ल्यात चेन्नईजवळचा रेनो-निसानचा कारखाना थांबला. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेला होता.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. डिझाइनचं सॉफ्टवेअर महाग असतं, हे मला कळतं. पण क्रॅक टाकताना पहिली सूचना असते ‘अँटीव्हायरस बंद करा’, आणि तिथेच आपण घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात ठेवतो. तेवढ्यासाठी ग्राहकाची ड्रॉईंग धोक्यात घालणं मला पटत नाही. अँटीव्हायरस हे काही सगळ्यावरचं औषध नव्हे, पण मूलभूत आहे, आणि आपल्याला ते परकंही नाही. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले आणि धाकटा भाऊ संजय यांनी लिहिलेल्या व्हायरस काढणाऱ्या प्रोग्राममधून क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली.

पैशाची थेट लूट मात्र बहुतेक वेळा व्हायरसशिवायच होते. तैवानच्या मशीन कंपनीशी महिनाभर ईमेल चालू असतात. भाव ठरतो, प्रोफॉर्मा येतो. मग एके दिवशी त्याच साखळीत ईमेल येतो: आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, आगाऊ रक्कम या दुसऱ्या खात्यात भरा. लोगो तोच, सही तीच, मागचा सगळा पत्रव्यवहार खाली जोडलेला. फक्त पत्त्यात एका ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी बसवलेले. लहान अक्षरांत लिहिलं की हे दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. पैसे गेल्याचं कळतं ते पंधरा दिवसांनी, खरा विक्रेता ‘पेमेंट कधी?’ विचारतो तेव्हा. व्हॉट्सअॅपवरची तऱ्हा याहून सोपी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने तिथल्या अधिकाऱ्याला निरोप गेले आणि १ कोटी १ लाखांहून अधिक रक्कम भलत्याच खात्यांत गेली. तिथल्या यंत्रणेला कुणी हात लावला नव्हता. साहेबांचा निरोप म्हटल्यावर परत विचारायचं नाही, या आपल्या सवयीला हात लावला होता.

यावर एकच नियम चालतो. खातं बदलल्याचा निरोप आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, ईमेलमधल्या नंबरवर नाही. आणि साहेबांनी हिशेबनिसाला सगळ्यांसमोर सांगून ठेवायचं: माझ्या नावाने पैशाचा निरोप आला तर मला फोन करून विचार, मी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. भीतीपोटी न विचारलेला प्रश्न कारखान्याला लाखांत पडतो. फसवणूक झालीच, तर पहिल्या तासाला मोल असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेने दोन दिवस गप्प बसलं की ती संपते.

एका गोष्टीकडे मात्र या पट्ट्यात फारसं कुणी बघत नाही, ती म्हणजे कामगारांची कागदपत्रं. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं आणि पॅनचे फोटो येऊन पडतात. बीड-लातूरहून, बिहार-ओडिशाहून आलेल्या मुलांची सगळी ओळख तिथे उघडी असते. चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचं आधार सुपरवायझरच्या गॅलरीत अजून आहे. त्याच्या नावावर सिम निघालं, खातं उघडलं, तर पोलीस त्याच्या दारात येतील आणि आपलं कार्ड कुठून फुटलं हे त्याला कधीच कळणार नाही. ड्रॉईंग चोरीला गेलं तर कंपनी वकील करते. या मुलाच्या बाजूने कोण उभं राहतं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी ठेवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायद्याची वाट न बघताही आज होण्यासारखं पुष्कळ आहे: शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधार घ्यायचं, काम झालं की फोटो पुसायचे, ग्रुपवर मागवायचंच नाही.

नियमांची उणीव आहे, असं मला वाटत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश सांगतो, की सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा आणि लॉग १८० दिवस जपा. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकात आपत्कालीन योजनेत सायबर हल्ला धरावाच लागतो. जर्मन कंपन्या टिसॅक्स हे माहिती-सुरक्षेचं मूल्यांकन मागतात. पण हे सगळं वरून खाली येतं ते कागद म्हणून. मोठी कंपनी वेंडरकडून चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेते, वेंडर तोच फॉर्म खालच्या जॉबवर्कवाल्याला पाठवतो आणि सहा मशीनांचा मालक सगळीकडे ‘होय’ लिहून सही करतो, कारण ‘नाही’ लिहिलं तर ऑर्डर जाईल. दर मात्र दरवर्षी कमी करून मागितला जातो. माझं स्पष्ट मत आहे, की ज्यांच्या लाइनी या लहान शेडवर उभ्या आहेत त्यांनी फॉर्मबरोबर माणूसही पाठवावा. क्वालिटीसाठी त्यांचे इंजिनिअर वेंडरकडे दिवसेंदिवस बसतात, गेज कसा धरायचा ते शिकवतात. त्यातला एक दिवस याला दिला तरी हा पट्टा बदलेल.

तोवर लहान कारखान्याने स्वतःपुरतं काय करावं? रिमोट डेस्कटॉपचं उघडं पोर्ट आजच बंद करावं. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून आणि ओटीपीसारख्या दुसऱ्या तपासणीसह. मशीनच्या सर्व्हिसवाल्याला दुरून काम करायला एनीडेस्क दिलं, तर काम झाल्यावर ते तिथेच बंद करावं. प्रत्येकाला वेगळा लॉगिन, आणि नोकरी सोडलेल्याचा त्याच दिवशी बंद. जीएसटीचा, पीएफचा, बँकेचा पासवर्ड एकच नको, मॉनिटरला चिकटवलेला तर नकोच. डिजिटल सहीचं टोकन काम झालं की काढून कपाटात.

आणि बॅकअप. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या धंद्यासाठी सांगितलेला ३-२-१ चा हिशेब आज सगळीकडे मानला जातो: डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. मी त्याला दोन गोष्टी जोडतो. एक प्रत कशालाच जोडलेली नसावी, घानातल्या त्या सर्व्हरसारखी. आणि प्रत परत उघडून बघितल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नये. वर्षभर नियमाने घेतलेला बॅकअप पहिल्याच गरजेला कोरा निघाल्याचं मी पाहिलं आहे.

भोसरीच्या त्या मालकांनी खंडणी दिली नाही. जीएसटी पोर्टलवरची बिलं, सीएकडे गेलेली मागच्या तिमाहीची फाइल, ग्राहकांकडून पुन्हा मागवलेली ड्रॉईंग, असं करत ताई आणि एक शिकाऊ मुलगा जवळजवळ सात आठवडे हिशेब परत चढवत बसले. आता तिथे दोन हार्ड डिस्क आहेत, एकीवर लाल पट्टी आणि दुसरीवर हिरवी. दर बुधवारी संध्याकाळी बॅकअप झाला की त्या आठवड्याची डिस्क काढून मालक इंद्रायणीनगरला घरी नेतात आणि शुक्रवारी दुसरी घेऊन येतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ताई एका जुन्या लॅपटॉपवर ती डिस्क लावतात, टॅली परत चढवतात, मनात येईल ते जुनं बिल उघडतात आणि त्याचा नंबर वहीत लिहून पुढे सही करतात. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी वही पुढे केली. एकोणीस नंबर होते, एकोणीस सह्या.